बर्फाखाली कुरतडलेली साल

बर्फ वितळल्यावर नव्याने उभ्या राहणाऱ्या जंगलात रोपटी छान दिसतात. फांद्या शाबूत, कळ्या फुगलेल्या. पण खाली वाकून बुंध्यालगतचं वाळकं गवत बाजूला केलं की काळजात धस्स होतं. जमिनीपासून चार बोटं उंचीपर्यंत साल नाही, लाकूड पांढरंफटक उघडं पडलेलं आणि त्यावर एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या दातांच्या बारीक, वेड्यावाकड्या खुणा. हे काम व्होलचं.

व्होल म्हणजे उंदराच्या गोतावळ्यातला, बोथट तोंडाचा, आखूड शेपटीचा छोटा प्राणी. युरोपातल्या कोवळ्या जंगलांत सर्वाधिक नुकसान करणारी व्होलची जात, मायक्रोटस ॲग्रेस्टिस, भरते जेमतेम 20 ते 40 ग्रॅम. या व्होलचं खरं अन्न गवत. हिवाळ्यात हिरवं गवत संपलं की तो सालीकडे वळतो. बर्फाच्या थराखाली त्याला ऊबही मिळते आणि आडोसाही, त्यामुळे सारा हिवाळा तो बिनधास्त कुरतडत राहतो.

पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या सालीतच असतात. खोडाभोवती सालीचं पूर्ण कडं निघालं की मुळं उपाशी पडतात. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या मात्र आतल्या लाकडात सुरक्षित असतात, म्हणून वसंतात पालवी फुटते आणि झाड वाचलं असं वाटतं. पुढे ते वाळतं. खोडाच्या एका बाजूला साल शिल्लक असेल तर जखम भरून येऊ शकते. रुंद पानांची बरीच झाडं बुंध्यातून पुन्हा फुटतात, पाइनची रोपं सहसा नाही.

दरवर्षी एवढं नुकसान होत नाही. उत्तर युरोपात व्होलची संख्या साधारण 3 ते 5 वर्षांच्या चक्रात चढते आणि कोसळते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी प्राण्यांच्या संख्येतल्या अशा चढउतारांवर 1924 मध्येच लिहिलं होतं. मादीची गर्भावस्था सुमारे 3 आठवड्यांची असते आणि पिल्लंही काही आठवड्यांत वयात येतात, त्यामुळे संख्या बघता बघता फुगते. म्हणून हिवाळा लागण्याआधी गवतात बसून पाहायला हवं. दोन-तीन बोटं रुंदीच्या वाटा, कातरलेल्या गवताचे तुकडे, हिरवट लेंड्या दिसल्या की सावध व्हावं. सफरचंदाची फोड झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दातांच्या खुणा पाहायच्या, हीही सोपी पारख.

हरणांपासून रोपं वाचवायला कुंपण घातलं जातं. आत चरणारं कुणी उरत नाही, गवत माजतं आणि त्या दाट गवतात व्होलला घर मिळतं. एका संकटावरचा उपाय दुसऱ्याला आवतण देतो. माझ्या मते बंदोबस्त व्होलपेक्षा आधी गवताचा करायला हवा. प्रत्येक रोपाभोवती सुमारे 1 मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं ठेवलं, तर घुबड आणि केस्ट्रलसारख्या शिकारी पक्ष्यांच्या टप्प्यात येण्याच्या भीतीने व्होल उघड्यावर यायला कचरतो. गवत कापून तिथेच टाकलं किंवा बुंध्याला पेंढ्याचं जाड आच्छादन केलं, तर उलट त्याचीच सोय होते.

लावलेल्या रोपांच्या बुंध्याभोवती सुमारे 20 सेंटिमीटर उंचीची संरक्षक नळी बसवतात. तिची खालची कडा मातीत रुतलेली हवी, नाहीतर व्होल खालून शिरतो. जिथे बर्फ खोल साचतं तिथे नळी आणखी उंच लागते. आपोआप उगवलेल्या हजारो रोपांना नळ्या बसवणं मात्र शक्य नसतं. तिथे दाट उगवणीवरच भिस्त ठेवायची. काही रोपं जाणार हे धरून चालायचं.

विषाच्या मी ठाम विरोधात आहे. विष खाल्लेला व्होल घुबड किंवा वीझल (लांबट अंगाचं, छोटं शिकारी जनावर) खातं आणि त्या विषाने तेही मरू शकतं. शिकाऱ्यांमुळे व्होलचा उद्रेक पूर्ण थांबत नाही हे खरं, पण विष घालून आपण आपलेच राखणदार गमावतो.

पुढे फांद्या एकमेकींना भिडतात, सावलीत गवत विरळ होतं आणि व्होलही तिथून निघतो. तेव्हा जाडावणाऱ्या खोडांना काचू लागायच्या आत नळ्या एकेक करून काढून घ्यायच्या.