महानायकांचा हत्यानिषेध
हत्यानिषेध : शत्रू हाती लागला तरी त्याचा जीव घ्यायचा नाही, हा अमेरिकी कॉमिक्समधील महानायकांचा नियम. गुन्हेगाराला पकडावे व पोलिसांच्या स्वाधीन करावे, एवढेच नायकाचे काम मानले जाते.

बॅटमॅनने हा नियम केव्हा स्वीकारला, याबद्दल मतभेद आहेत. त्याचे श्रेय १९५४ च्या कॉमिक्स आचारसंहितेला (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांना) दिले जाते; अंक पाहता ते टिकत नाही. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात (मे १९३९) बॅटमॅनच्या ठोशाने खलनायक आम्लाच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याची खंत नसते. ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात (वसंत १९४०) तो विमानातून ट्रकवर मशीनगन चालवितो, पण मनुष्यहत्येचा तिटकाराही बोलून दाखवितो. लेखक बिल फिंगर यांच्या आठवणीनुसार बंदुकीच्या वापरावरून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी त्यांना खडसावले. ‘बॅटमॅन’च्या चौथ्या अंकात (हिवाळा १९४०–४१) आपण हत्याराने कोणाचा जीव घेत नाही, असे बॅटमॅन आपला बालसाथी रॉबिन याला बजावतो. त्यामुळे नियमाचा उगम १९४० च्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

रॉबिनसारखा बालसाथी आल्यामुळे नायक सौम्य झाला, असेही एक मत आहे. मात्र रॉबिन ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८ व्या अंकात (एप्रिल १९४०) आला आणि मशीनगनची कथा त्यानंतर छापली गेली. त्या कथेत रॉबिन नाही. तेव्हा ती आधीच रचलेली असावी. खलनायक पुन्हा वापरता यावा, हा व्यावसायिक हेतूही नाकारता येत नाही : ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात मरणारा खलनायक जोकर एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट वाढवून जिवंत ठेवला.

सुपरमॅनच्या (१९३८) संयमाला विनयाची जोड आहे. क्लार्क केंट या सामान्य पत्रकाराच्या वेषात तो सहकारी लोइस लेनने भित्रा म्हणून केलेली हेटाळणी सोसतो व ओळख उघड करीत नाही. १९८८ मध्ये त्याच्या हातून क्रिप्टॉन या त्याच्या मूळ ग्रहाच्या वंशातील तीन गुन्हेगारांना देहदंड घडतो. पुढील कथांत त्या अपराधभावाने तो पृथ्वी सोडून जातो. नियमाचे मोल या कथांत सर्वांत स्पष्ट दिसते. मोठ्या सामर्थ्यासोबत मोठी जबाबदारी येते, हा विचार स्पायडरमॅनच्या पहिल्या कथेत (ऑगस्ट १९६२) त्याला वाढविणाऱ्या बेनकाकांच्या तोंडी नसून निवेदनाच्या अखेरच्या चौकटीत आहे.

इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी वाचकांना परिचित असलेला वेताळ (मूळ फँटम, १९३६) पिस्तुले बाळगतो, पण त्यांनी बहुधा शत्रूच्या हातातील शस्त्र उडवितो.