स्तनशल्यचिकित्सा अधिछात्रवृत्ती

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळवण्यासाठी, सामान्य शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण पुरे केलेल्या डॉक्टरने एखाद्या मोठ्या केंद्रात घेतलेले प्रगत प्रशिक्षण. मुदत बहुधा एक वर्षाची, काही ठिकाणी दोन वर्षांची असते. व्यवहारात ‘ब्रेस्ट फेलोशिप’ हाच शब्द चालतो.

‘फेलोशिप’ या शब्दाने मराठी वाचकाचा थोडा गोंधळ होतो. दवाखान्याच्या पाटीवरील ‘एफ. आर. सी. एस.’ हीही फेलोशिपच. पण ते परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेले शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजचे सभासदत्व आहे. विद्यापीठांत अधिछात्रवृत्ती म्हणजे संशोधनासाठी मिळणारे मानधन. प्रस्तुत नोंदीतील अर्थ या दोन्हींहून वेगळा आहे : येथे फेलो म्हणजे पूर्ण शिकलेला, स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू शकणारा, तरीही वरिष्ठांच्या देखरेखीखाली राहणारा डॉक्टर.

या प्रशिक्षणाचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. एक परंपरा विल्यम हाल्स्टेड यांच्यापाशी जाते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर निवासी शल्यचिकित्सकांची चढत्या जबाबदारीची पद्धत रुजवली, आणि तेथेच स्तन, छातीचा मोठा स्नायू व काखेतील ऊतक एकसंध काढणारी मूलगामी शस्त्रक्रिया रूढ केली. तिच्या ५० रुग्णांचा वृत्तांत १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विली मेयर यांनी स्वतंत्रपणे तशीच शस्त्रक्रिया वर्णिली. हाल्स्टेड यांच्या हाताखाली १७ मुख्य निवासी तयार झाले, असे सांगितले जाते. मात्र ते शिक्षण सर्वांगीण शल्यचिकित्सेचे होते. स्तन हा त्यातला एक भाग. म्हणून ही परंपरा पूर्वपीठिका म्हणून ठीक, उगम म्हणून नव्हे.

दुसरी परंपरा न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयाची. तेथे कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी १९४० मध्ये जेम्स यूइंग सोसायटी स्थापन केली. १९७५ मध्ये तिचेच नाव ‘सोसायटी ऑफ सर्जिकल ऑन्कॉलॉजी’ झाले. केवळ स्तनरोगांसाठीच्या पहिल्या स्वतंत्र फेलोशिपचा मान मात्र बहुधा डॅलसच्या बेलर विद्यापीठ वैद्यकीय केंद्राला दिला जातो. काळ १९८० नंतरची पहिली काही वर्षे. नाव धरले तर डॅलस आणि शिकवण्याची रीत धरली तर मेमोरियल, असा निवाडा करता येतो. दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. अमेरिकेतील विखुरलेल्या कार्यक्रमांना समान अभ्यासक्रम मिळाला तो २००३ च्या सुमारास, वरील सोसायटी व स्तनशल्यचिकित्सकांच्या संघटना यांच्या संयुक्त प्रयत्नांतून.

स्वतंत्र प्रशिक्षणाची गरज निर्माण झाली, ती शस्त्रक्रिया आटोपशीर होत गेल्यामुळे. संपूर्ण स्तन काढायचा तर कुशल सामान्य शल्यचिकित्सक पुरेसा होता. मिलान येथील उंबेर्तो वेरोनेसी (७०१ स्त्रिया) आणि अमेरिकेतील बर्नार्ड फिशर (१,८५१ स्त्रिया) यांच्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. गाठीपुरता भाग काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया स्तन पूर्ण काढलेल्या स्त्रियांइतक्याच काळ जगतात, हे त्यांनी दाखवले. आता गाठीची कड स्वच्छ आहे की नाही, उरलेला स्तन कसा दिसेल, किरणोपचार कोठे द्यायचे, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावरच येऊ लागले.

विशेषज्ञ असण्याने रुग्णाच्या आयुष्यात फरक पडतो का, हा वेगळा प्रश्न. पश्चिम स्कॉटलंडमधील ३,७८६ रुग्णांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विशेषज्ञांकडे उपचार घेतलेल्यांचे पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ९ टक्क्यांनी अधिक आढळले. ही यादृच्छिक चाचणी (रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून केलेली) नव्हती, त्यामुळे श्रेय शल्यचिकित्सकाच्या हाताचे किती व त्याच्या भोवतालच्या चमूचे किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. तरीही युरोपीय धोरणांवर तिचा प्रभाव पडलेला दिसतो. स्तनविशेषज्ञांच्या ‘युसोमा’ या युरोपीय संघटनेने २००० मध्ये घातलेली अट अशी : केंद्रात वर्षाला किमान १५० नवे रुग्ण आणि प्रत्येक शल्यचिकित्सकाच्या वाट्याला किमान ५० प्राथमिक शस्त्रक्रिया.

प्रशिक्षणाच्या इतिहासात सर्वाधिक चर्चा झाली आहे ती प्रहरी गाठीच्या तपासणीची (सेंटिनल नोड बायोप्सी). कर्करोग काखेत पसरताना ज्या लसिका गाठीत प्रथम पोहोचतो, ती प्रहरी गाठ. तीच काढून तपासली आणि ती निरोगी निघाली, तर काखेतील बाकीच्या गाठींना हात लावावा लागत नाही. पुढे हाताला येणारी सूज त्यामुळे बऱ्याच अंशी टळते. कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. ‘सेंटिनल नोड’ हा शब्द अर्नेस्ट गूल्ड यांनी १९६० मध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगाबाबत वापरला. रामोन काबान्यास यांनी १९७७ मध्ये शिश्नाच्या कर्करोगात तो तत्त्व म्हणून मांडला. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या कृष्णार्बुदात (मेलॅनोमा या कर्करोगात) निळा रंग वापरून गाठ शोधण्याचे तंत्र सिद्ध केले. स्तनात ते आणताना डेव्हिड क्रॅग यांनी (१९९३) किरणोत्सर्गी द्रव्य व हाताने धरायचा गॅमा शोधक वापरला, तर आर्मांडो जूलियानो यांनी (१९९४) केवळ निळा रंग. शब्द गूल्ड यांचा असला तरी आजच्या पद्धतीचे पितृत्व मॉर्टन यांच्याकडे देणे अधिक रास्त.

जूलियानो यांच्या १७४ प्रयत्नांपैकी ११४ वेळाच गाठ सापडली, आणि सुरुवातीपेक्षा शेवटी यश अधिक होते. म्हणजे हात बसायला वेळ लागतो. किती वेळ, हा कळीचा मुद्दा ठरला, कारण खोटा नकारात्मक निकाल आला, म्हणजे काखेत रोग असूनही प्रहरी गाठ निरोगी ठरली, तर रोग काखेत राहून जातो आणि शल्यचिकित्सकाला ते वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणून शिकणाऱ्याने प्रथम प्रहरी गाठ शोधायची आणि लगेच काखही साफ करून आपला अंदाज ताडून पाहायचा, असा दंडक निघाला. अशा किती शस्त्रक्रिया पुरेत? अमेरिकी स्तनशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २० म्हटले. ब्रिटनमधील याच तंत्राच्या ‘अल्मनॅक’ चाचणीने सहभागी होण्यापूर्वी ४० मागितल्या. दोन्ही आकडे अनुभवाच्या अंदाजावर बेतलेले दिसतात. पुढे ५,६११ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत प्रशिक्षित हातांनीही ९.८ टक्के खोटे नकारात्मक निकाल दिले, तेव्हा संख्येवरील वाद ओसरला.

नंतर अडचण उलट्या दिशेने आली. प्रहरी गाठीत थोडा रोग असला तरी ठरावीक रुग्णांत काख साफ करण्याची गरज नाही, असे ८९१ स्त्रियांच्या चाचणीने २०११ मध्ये दाखवले. पाश्चात्त्य केंद्रांत पूर्ण काख साफ करण्याच्या शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या. जी शिकवायची, ती पाहायलाच मिळेनाशी झाली.

अमेरिकेत फेलो वर्षभरात शस्त्रक्रियागृहाबरोबरच मॅमोग्राफी, विकृतिविज्ञान, किरणोपचार, औषधोपचार आणि आनुवंशिकी समुपदेशन या विभागांत फिरतो. दोन वर्षांच्या सर्वसाधारण कर्करोग-शल्यचिकित्सेला अमेरिकी शल्यमंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. स्तनाच्या एका वर्षाला तसे नाही, ही तेथील जुनी तक्रार. ब्रिटनमध्ये वाद निराळा होता. स्तनाची पुनर्रचना करायची ती कोणी : कर्करोग काढणाऱ्याने की प्लॅस्टिक सर्जनने? दोन्ही शाखांच्या उमेदवारांना एकत्र शिकवणाऱ्या संयुक्त फेलोशिप २००२ च्या सुमारास तेथे सुरू झाल्या. याला पाया मिळाला तो ‘ऑन्कोप्लास्टिक’ या, कर्करोग काढणे व स्तनाचा आकार राखणे एकत्र साधणाऱ्या संकल्पनेमुळे. हा शब्द सामान्यतः जर्मनीतील वेर्नर आउड्रेच यांच्या नावे सांगितला जातो. स्तनाच्या आकारमानाचा सुमारे २० टक्क्यांपर्यंतचा भाग काढल्यास आजूबाजूचे ऊतक सरकवून भागते. त्याहून जास्त गेल्यास स्तनलघुकरणाची तंत्रे लागतात, अशी क्रिश्ना क्लफ यांची २०१० मधील वर्गवारी बहुतेक अभ्यासक्रमांत शिकवली जाते.

भारतात एम. एस. नंतर कर्करोग-शल्यचिकित्सेची एम. सीएच. ही तीन वर्षांची पदवी हा रुळलेला मार्ग असून तिचा आरंभ १९८४ मध्ये चेन्नईच्या अड्यार कर्करोग संस्थेत झाला. स्तनाची फेलोशिप तिच्यानंतर किंवा थेट एम. एस. नंतर घेतली जाते. २०२० मध्ये देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १,७८,००० नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्या मानाने असे प्रशिक्षित हात थोडे आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) अवयवनिहाय कार्यगट असल्याने शिकणाऱ्याला स्तनाचेच रुग्ण सलग पाहता येतात. येथे रोग पुढच्या टप्प्यात घेऊन येणाऱ्या स्त्रिया अधिक, त्यामुळे काख साफ करण्याची शस्त्रक्रिया भारतीय उमेदवाराच्या हाताखालून वारंवार जाते. गॅमा शोधक व किरणोत्सर्गी द्रव्य सर्वत्र मिळत नसल्याने टाटातील शल्यचिकित्सकांनी पर्यायी पद्धत अभ्यासली आहे : काखेतून दंडाकडे जाणारी पहिली आंतरपर्शुकी-बाहू तंत्रिका (मज्जातंतू) ही सीमा धरून तिच्या खालचे ऊतक एकसंध काढायचे. तिला उपकरण लागत नाही. तंत्रिका नेमकी ओळखता आली पाहिजे.