डीएसएलआर देऊन छोटा कॅमेरा घ्यायचाय? आधी जुनं मेमरी कार्ड घेऊन या

नमस्कार मंडळी. हा कागद काउंटरवर ठेवायची वेळ आली कारण दिवसातनं चार वेळा तोच प्रश्न येतोय. "डीएसएलआर जड होतोय, कपाटातनं बाहेरच निघत नाही, खिशात बसेल असा चांगला कॅमेरा कुठला?" आणि आम्ही उत्तर द्यायचं सोडून उलटं विचारतो, जुने फोटो आणलेत का. यावर निम्मी लोकं वैतागतात. त्यांचं पण बरोबर आहे, पैसे घेऊन आलोय, कॅमेरा दाखवा, आमच्या घरचे फोटो तुम्हाला कशाला? म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय, चहा येईपर्यंत वाचून होतंय.

वजनाची तक्रार खरीच आहे, त्यात वाद नाही. डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. आपल्याकडं घरोघरी असतो तो निकॉन डी५६००, बॅटरी आणि कार्ड घालून ४६५ ग्रॅम. त्यावर १८-५५ मिलीमीटरची लेन्स २०५ ग्रॅम. पिशवीत लांबचं जवळ आणणारी ७०-३०० असली तर अजून ४१५, म्हणजे किलोच्या वर गेलंच, पिशवी चार्जर धरलेच नाहीत. पन्हाळ्यावर एक दिवस चालतंय, पण रोज ऑफिसला जाताना कोण गळ्यात घालणार? याच्या उलट रिकोचा जीआर थ्री बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, म्हणजे पाव किलो फरसाणाची पुडी, शर्टाच्या खिशात बसतोय. आणि सेन्सर, म्हणजे फोटो पकडणारी आतली चिप, दोघांचा एकाच मापाचा, त्या मापाला एपीएस-सी म्हणतात, साधारण २३.५ बाय १५.६ मिलीमीटर. "एवढासा डबा आणि किंमत डीएसएलआरची?" याचं उत्तर हेच. तेवढाच सेन्सर आणि त्याला पुरणारी लेन्स घडी घालून खिशात बसवायची म्हणजे काम अवघड होतंय, सोपं नाही. ऑनलाइन चार-पाच हजारात ४८ मेगापिक्सल, १६ पट झूम लिहिलेले डबे मिळतात, ते घेऊन आमच्याकडं दुरुस्तीला येऊ नका. त्यातला झूम डिजिटल असतोय, म्हणजे फोटो कापून ताणायचा, ते तुमचा मोबाईल यापेक्षा चांगलं करतोय.

आता मेन मुद्दा, जुने फोटो का.

तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोच्या आत कॅमेरा लिहून ठेवतो की लेन्स किती मिलीमीटरवर होती. आकडा लहान तर फोटोत जास्त परिसर मावतो, मोठा तर लांबचं जवळ येतं. हजार-दोन हजार फोटो एका फोल्डरमध्ये टाकले आणि त्या आकड्यानं लावले की तुम्ही खरंच काय वापरता ते दहा मिनिटात कळतंय. आणि माणूस जे सांगतो आणि कार्ड जे सांगतं ते सहसा जुळत नाही. १८-५५ च्या फोटोंचे ढीग बहुतेक वेळा दोनच ठिकाणी लागतात, एक १८ वर आणि एक ५५ वर. मधे कोणी थांबतच नाही, रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची एवढंच. मग १८ चा ढीग मोठा असेल तर तुम्हाला झूमची गरजच नाही, छोट्या कॅमेऱ्यांचे आकडे मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरच्या हिशोबानं सांगतात, म्हणून १८ ला दीडनं गुणा, २७ आले, जीआर थ्रीची लेन्स २८ च्या हिशोबाची आहे, झालं काम. मोबाईलची मेन लेन्स पण साधारण २४ ते २६ ची असते, म्हणून मोबाईलवर हात बसलेल्यांना ही लगेच जमते. ढीग २३-२४ च्या आसपास असेल तर फुजीचा एक्स-१०० घराण्यातला कुठला पण, ते ३५ च्या हिशोबाचे. २६-२८ असेल तर जीआर थ्री एक्स, तो ४० चा. (कॅननवाल्यांनी दीडच्या जागी १.६ धरायचं.)

५५ चा ढीग मोठा असेल तर मात्र नुसता आकडा बघून चालत नाही, फोटो उघडून बघायला लागतात. कारण काही जण ५५ वर माणसांचे चेहरे काढतात, आणि काही जण झाडावरच्या पक्ष्याला जवळ आणायच्या नादात रिंग शेवटपर्यंत फिरवतात आणि पक्षी तरी पण मुंगीएवढाच येतोय. पहिल्यांना कॅननचा जी७एक्स मार्क थ्री पुरतो, २४ ते १०० चा झूम आहे. दुसऱ्यांना सोनीचा आरएक्स१०० मार्क सेव्हन, २४ ते २००, फक्त ३०२ ग्रॅम. या दोघांचा सेन्सर एक इंची म्हणतात तो, १३.२ बाय ८.८ मिलीमीटर, डीएसएलआरपेक्षा लहान पण चांगला. आणि पक्षीच पक्षी असतील तर डीएसएलआर विकूच नका, त्याबद्दल खाली लिहितो.

एका गुरुजींचं सांगतो. राधानगरीकडचे, नुकतेच रिटायर झालेले. डीएसएलआर मानेला झेपत नाही म्हणून तो देऊन निकॉनचा पी१००० घ्यायचा ठरवूनच आले होते, का तर १२५ पट झूम. आम्ही म्हटलं गुरुजी, तो १४१५ ग्रॅमचा आहे, तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्याच्या दुप्पट, आणि त्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान. तरी ऐकेनात. मग कार्ड लावलं. नातू, ऊसतोड, दारातली म्हैस, पावसात भिजलेलं अंगण, सगळं १८ वर. पक्षी किती, तर एक बगळा, तो पण एकाच दिवशी. दोन दिवस जीआर भाड्यानं दिला. दुसऱ्या दिवशी दुपारीच परत आले, फोटो झकास पण उन्हात मागचा स्क्रीन दिसत नाही आणि चाळिशीचा चष्मा सारखा काढ-घाल करायला लागतोय. ही गोष्ट आमच्या पण डोक्यातनं गेली होती, जीआरला डोळा लावायची खिडकी नाहीच. शेवटी सेकंडहँड एक्स-१०० एफ घेतला, २०१७ चा आहे, ४६९ ग्रॅम, खिडकी आहे आणि खिडकीचा नंबर चष्म्याप्रमाणं फिरवता येतोय. १८ च्या सवयीला ३५ जरा जवळचं पडतं, दोन पावलं मागं सरायला लागतंय. गुरुजी म्हणाले, गोठ्यात मागं सरायला जागा नाही एवढीच अडचण.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो

फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवण्यात. हे वाक्य ठळक अक्षरात छापायचं होतं पण प्रिंटरवाल्यानं जादा पैसे सांगितले.

होतं असं की फोन येतो, "या कशाला लागतंय, पाठवतो की तुम्हाला," आणि चाळीस फोटो धडाधड येतात. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो बारीक करतं आणि आतली सगळी माहिती काढून टाकतं. मिलीमीटर गेले, तारीख गेली, कॅमेऱ्याचं नाव पण गेलं. आमच्या हातात राहतं नुसतं चित्र. मग आम्ही परत फोन करायचा, ते परत पाठवणार, ते पण तसेच, कोण स्क्रीनशॉट काढून पाठवतंय, त्यात तर पहिल्यापासून काहीच नसतंय. यात दोन-तीन दिवस जातात आणि शेवटी बोल कुणाला, तर दुकानदार टाळतोय. पाठवायचेच असतील तर अटॅचमेंटमधनं फोटो न निवडता डॉक्युमेंट निवडा आणि त्यातनं फाइल पाठवा, तशी ती जशीच्या तशी येते. पण खरं सांगायचं तर कार्ड किंवा पेनड्राइव्ह घेऊन या, नाहीतर हार्डडिस्क.

दुसरं, निवडून आणू नका. लोकं चांगले वीस फोटो वेगळे काढून आणतात, जसं काय आम्ही स्पर्धेचे परीक्षक. आम्हाला हललेले, तिरके, वाढदिवसाचे, केक कापतानाचे सगळे पाहिजेत, कारण रोजची सवय त्यातच दिसते. निवडलेल्यात तुम्हाला काय आवडतं ते दिसतं, तुम्ही काय करता ते नाही.

एका ताईंनी विचारलं की घरचे फोटो परक्यानं का बघायचे, आणि प्रश्न बरोबर आहे. आम्ही नावं-आकड्यांची यादी लावतो, फोटो लहान करून, ५५ चा ढीग असेल तेवढाच उघडतो, तो पण तुमच्यासमोर. कॉपी करून ठेवत नाही. तेवढं पण नको असेल तर घरीच करा, सोपं आहे. कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, खाली फोकल लेंग्थ दिसेल, तोच तो मिलीमीटरचा आकडा. फोल्डर डिटेल्समध्ये उघडून वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून फोकल लेंग्थचा कॉलम घेतला तर सगळे एका दमात लागतात. कुठल्या आकड्यावर किती ते एका चिठ्ठीवर लिहून आणा, आम्हाला तेवढं बास.

कुणी सांगतं, मोठ्या दुकानात असं काही विचारत नाहीत, बँकेचं कार्ड स्वाइप केलं की कॅमेरा हातात. खरं आहे. पण तोच कॅमेरा महिन्याभरात "नवाकोरा, एकदाच वापरलाय" म्हणून आमच्याकडं विकायला येतोय, आणि तेव्हा निम्मे पैसे हातात पडले की तोंड बघवत नाही.

डीएसएलआर कुणी विकू नये

शाहू स्टेडियमवर फुटबॉल काढणाऱ्यांनी. आपल्या कोल्हापूरच्या पेठांच्या मॅचेस, पब्लिक, धावणारी पोरं, तिथं ७०-३०० आणि डीएसएलआरला तोड नाही, छोट्या कॅमेऱ्यानं जमेल असं आम्ही खोटं सांगणार नाही. पक्षीवाल्यांनी पण नको, लग्नाची कामं घेणाऱ्यांनी तर नाहीच. बॅटरीचा पण हिशोब धरा. डी५६०० एका चार्जवर कंपनीच्या हिशोबानं ९७० फोटो देतोय, जीआर थ्री २००, आरएक्स१०० मार्क सेव्हन २६०. म्हणून छोटा कॅमेरा घेतला की जादाची एक बॅटरी लागतेच, ती विकायसाठी सांगत नाही, म्हणजे विकतो पण, पण लागते खरंच.

आणि फोटो फक्त स्टेटसला जाणार असतील, ते पण दिवसाउजेडी काढलेले, तर मोबाईल पुरे. असं सांगून आम्ही गिऱ्हाईकं परत पाठवलीत.

गुलालाचं तेवढं ऐका

खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स चालू केली की बाहेर येते आणि बंद केली की आत जाते. जाताना लागलेली धूळ घेऊन जाते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांच्या मागं उभं राहून कॅमेरा चालू-बंद, चालू-बंद केला की गुलाल लेन्सच्या नळीत जाऊन बसतो, बारीक असतोय तो पिठासारखा. मग एक दिवस करकर आवाज येतो आणि लेन्स अर्ध्यात अडकते. असा कॅमेरा उघडला की आतली सगळी गिअरं गुलाबी निघतात. समुद्राच्या वाळूचं तेच. त्यात गडबडीनं काही जण कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारतात, म्हणजे बाहेरचा गुलाल आत आणि वर हवेतलं तेल-पाणी. कृपा करून मारू नका. तोंडानं फुंकर पण नको. बंद करून, झिपच्या पिशवीत घालून तसाच आणून द्या.

जीआर, आरएक्स, जी७एक्स सगळे याच प्रकारातले. एक्स-१०० ची लेन्स अशी बाहेर येत नाही, म्हणून धुळीत तो बरा, तरी पावसा-गुलालासाठी बनलाय असं समजू नका. जत्रेत जायचंच असेल तर जुना डीएसएलआर न्या, नाहीतरी तो कपाटातच पडून आहे.

देवाण-घेवाण

जुना कॅमेरा देऊन घ्यायचा असेल तर लेन्स घरीच उजेडाला धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये वर्षभर ठेवलं की होणारच. किंमत कमी होते, रागावू नका. अजून विकायचा नसेल तर भाजीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा, केस बाहेर.

छोटा कॅमेरा आधी दोन दिवस भाड्यानं न्या, घेतला तर भाडं बिलातनं वजा करतो. डिपॉझिट आणि आधारची झेरॉक्स लागेल. एक्स-१०० सिक्स नवा पाहिजे असेल तर नाव लिहून ठेवा, २०२४ ला आल्यापासून त्याला वेटिंग चालू झालं ते आमच्या हातात नाही. जुने एफ आणि जीआर सेकंडहँड येत असतात, कार्डावरचा तुमचा आकडा आम्ही वहीत लिहून ठेवतो आणि त्या लेन्सचा कॅमेरा आला की पहिला फोन तुम्हाला.

संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, कार्ड बघायचं काम सकाळी अकरा ते एक. आणि चैत्र यात्रेच्या आठवड्यात भाड्याचे छोटे कॅमेरे आम्ही देत नाही, कारण वर लिहिलंय, मागच्या वेळचे दोन अजून गुलाबीच आहेत.