लीप्स (जैवतंत्रज्ञान शेअरांतील)

ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क एक वर्षाहून अधिक मुदतीसाठी देणारा, अमेरिकी बाजारातील ऑप्शन करार. शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्सचेंजने तो १९९० मध्ये सुरू केला. मुदत साधारणतः तीन वर्षांपर्यंत असते आणि बहुतेक करार जानेवारीत संपतात.

अशा हक्काच्या सौद्याचे मूळ मिलेटसचा ग्रीक तत्त्वज्ञ थेलीझ याच्यापर्यंत (इ. स. पू. सहावे शतक) नेण्याचा प्रघात आहे. ॲरिस्टॉटलने दिलेल्या कथेनुसार ऑलिव्हचे पीक भरघोस येणार हे ताडून थेलीझने हिवाळ्यातच मिलेटस व कायॉस येथील घाणे थोड्या रकमेवर अडकवून ठेवले. ही रक्कम प्रीमियम (हक्कासाठी मोजलेली किंमत) मानावी की भाड्याचा इसार, याबद्दल मतभेद आहेत. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ हा इसारवाचकच असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय थेलीझ शहाणा म्हणून ही गोष्ट त्याच्या नावावर घातली गेली, असे खुद्द ॲरिस्टॉटलच सुचवतो. मुंबईतील तेजी-मंदीचे सौदे (तेजी म्हणजे कॉल, मंदी म्हणजे पुट) आजच्या ऑप्शनला याहून बरेच जवळचे होत.

जैवतंत्रज्ञान कंपनीचा भाव एखाद्या चाचणीच्या निकालाने एका दिवसात उडी घेतो किंवा कोसळतो. त्यामुळे तिचे ऑप्शन महाग असतात. शेअर १०० डॉलरला, स्ट्राइक (करारात ठरलेला भाव) १००, मुदत दोन वर्षे व व्याज शून्य धरल्यास ऑप्शनची किंमत काढण्याच्या ब्लॅक-शोल्स सूत्राने (१९७३) कॉलची किंमत २५ टक्के व्होलॅटिलिटीला (भावाच्या वार्षिक चढउताराला) सुमारे १४ डॉलर येते; ८० टक्क्यांना सुमारे ४३. म्हणजे शेअर १४३ च्या वर गेल्याखेरीज मुदतीअखेर फायदा नाही. भाव २०० झाला तर शेअरधारकाला १०० डॉलर नफा होतो, कॉलधारकाला ४३ वजा जाता ५७ डॉलर. भाव जागच्या जागी राहिला तर पहिल्याचे काहीच जात नाही, दुसऱ्याचे सगळे जाते. एका शेअरमागे डॉलरांत मोजल्यास कॉल सरस ठरतो तो भाव ५७ च्या खाली घसरल्यावर. हे सूत्र भाव सलग सरकतो असे मानते. उड्यांचा हिशेब अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७६ मध्ये मांडला, आणि या क्षेत्राला तो अधिक लागू पडतो.

दुसरी अडचण तारखेची. बायोजेनच्या ॲड्युकॅन्युमॅब या अल्झायमरवरील औषधाच्या चाचण्या मार्च २०१९ मध्ये थांबल्या, तेव्हा शेअर एका दिवसात सुमारे २९ टक्के पडला. पुढे कंपनीने मंजुरीसाठी अर्ज केला. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा निर्णय ७ मार्च २०२१ पर्यंत अपेक्षित होता. तो तीन महिने लांबला आणि ७ जूनला मंजुरी येताच शेअर सुमारे ३८ टक्के चढला. एप्रिलची मुदत घेतलेल्या कॉलधारकाचा अंदाज बरोबर होता, पण करार आधीच संपला होता. शेअरधारकाला नुसते थांबायचे होते.

कंपनी रोखीने विकली गेली तर कॉलचे उरलेले कालमूल्य (मुदत शिल्लक असल्यामुळे असलेली किंमत) एकदम नाहीसे होते. फायझरने सीजेन ही कर्करोगावरील औषधांची कंपनी प्रतिशेअर २२९ डॉलरला घेतली (२०२३). २२९ हून जास्त स्ट्राइकचे कॉल, मुदत कितीही शिल्लक असली तरी, निरर्थक ठरले. मताधिकार व लाभांश शेअरधारकालाच मिळतात, पण संशोधनावर चालणाऱ्या बहुतेक लहान कंपन्या लाभांश देतच नाहीत.

भारतात शेअर-रोख्यांवरील ऑप्शनची बंदी १९९५ मध्ये उठली आणि एकेका शेअरवरचे ऑप्शन जुलै २००१ मध्ये आले. राष्ट्रीय शेअरबाजारात त्यांची मुदत तीन महिन्यांपर्यंतच असते. निफ्टी निर्देशांकावर मात्र दीर्घ मुदतीचे ऑप्शन आहेत.