हौशी पक्षीनिरीक्षण व पक्षीछायाचित्रण (कोकण किनारा आणि परसबाग)

पोटापाण्यासाठी किंवा संशोधनाच्या नोकरीचा भाग म्हणून नव्हे, तर निव्वळ आवडीने रानपक्षी पाहणे, ओळखणे, त्यांची नोंद ठेवणे आणि छायाचित्रे काढणे. महाराष्ट्र व गोव्याच्या किनारपट्टीवर या छंदाला दोन जागा विशेष सोयीच्या आहेत : सुकतीला उघडी पडणारी पुळण वा खाडीचा चिखल आणि घरामागची परसबाग, शहरात तिची जागा गॅलरीतल्या चार कुंड्या घेतात. पहिल्या जागी पक्षी दूर आणि ओळखायला अवघड, दुसऱ्या जागी जवळ आणि ओळखीचे. त्यामुळे दोन्हीकडची शिस्त वेगळी.

पूर्वी पक्ष्याची ओळख पटवायची तर तो बंदुकीने टिपून आणावा लागे. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातली पक्ष्यांची कातडी त्याच काळाची साक्ष देतात. सलीम अली (१८९६–१९८७) या संस्थेच्या दारात पहिल्यांदा गेले तेही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन. पुढे त्यांनीच निव्वळ बघत राहण्याचे मोल दाखवून दिले. अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी शिडीवर कापडी आडोसा करून सुगरण पक्ष्यांची वसाहत पावसाळाभर न्याहाळली. मराठीत घरटे विणण्याचे श्रेय मादीला दिले जाते. प्रत्यक्षात विणतो नर. घरटे अर्धवट झाले की मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर आत राहते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. हे कळायला ना बंदूक लागली ना भारी भिंग. बंदुकीची पुराव्याची जागा आता कॅमेऱ्याने घेतली आहे. ‘शॉट’ हा शब्द तेवढा मागे राहिला.

किनाऱ्यावरचे वेळापत्रक घड्याळापेक्षा पंचांग ठरवते. कोळ्यांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी. नवखा माणूस पूर्ण ओहोटी गाठून जातो आणि निराश होतो, कारण तेव्हा पक्षी शेकड्यांनी असले तरी पार पाण्याच्या कडेला, मोहरीएवढे दिसतात. भरती चढू लागली की चिखल आक्रसत जातो आणि चिखल्या, तुतवार, कालवफोड्या खात खात आपल्याच पावलांनी माणसाकडे सरकतात. एका जागी बसून राहिलेल्याला हे दीड-दोन तास जे देतात, ते मागे धावणाऱ्याला दिवसभरात मिळत नाही.

पश्चिम किनाऱ्याची आणखी एक सोय आहे. सूर्य जमिनीच्या बाजूने उगवतो, त्यामुळे सकाळी समुद्राकडे तोंड केले की ऊन पाठीवर आणि पक्ष्याच्या अंगावर पडते. संध्याकाळी उलट, मग काळ्या आकृत्या आणि सोनेरी पाणी एवढेच पदरात पडते. दहानंतर वाळू तापते, हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी कितीही मोठ्या लेन्समधून पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. अशा वेळी दोष कॅमेऱ्याला देण्यात अर्थ नसतो. काळ्या चिखलावरच्या पांढऱ्या बगळ्याचा फोटो घेताना कॅमेरा चिखल पाहून उजेड वाढवतो आणि पिसांचा चुना होतो. एक्स्पोजर थोडे खाली आणावे लागते. उडत्या सुरयसाठी (टर्न) शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा. सुरुवातीला मात्र कॅमेऱ्याआधी ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्यावी असे जुनी मंडळी सांगतात आणि ते बरोबर आहे. खारा वारा आणि कोकणचा पावसाळा यांत लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा इथला खर्च गृहीत धरावा.

हिवाळ्यात येणारे कुरव (सीगल) हा ओळखीचा खरा कस. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव ही नावे उन्हाळी पिसाऱ्यावरून पडलेली. आपल्याकडे असताना बहुतेक काळ दोघांचीही डोकी पांढरी, कानापाशी एक काळपट ठिपका. बसलेल्या कुरवाचा सुबक फोटो इथे फारसा कामाचा नाही. पंख पसरलेले दिसले पाहिजेत : प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक काळे आणि त्यात पांढरे ‘आरसे’ म्हणजे ठिपके असतात, डोळा फिकट, काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी, डोळा गडद. असा धूसर, तिरका, पण पंख दाखवणारा फोटो म्हणजे ‘रेकॉर्ड शॉट’. सोशल मीडियावर त्याला कोणी विचारत नाही, नोंदीच्या दृष्टीने मात्र तोच सोन्याचा. अलीकडे छोट्या वाळूचिखल्याचे सायबेरियन आणि तिबेटी असे दोन भाग केले गेले, तेव्हाही जुने रेकॉर्ड शॉट पुन्हा उघडून बघण्याची सोय होती. आठवण तशी उघडून बघता येत नाही.

किनाऱ्यावरची परिचित ठिकाणे म्हणजे अलिबागजवळचे आक्षी, उरणच्या पाणथळी, मुंबईतले शिवडी आणि गोव्यात मोरजी व चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य. ठाणे खाडीत २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीहून होडीने जाऊन रोहित जवळून पाहता येतात. गेटवे-मांडवा लाँचमागे उडणारे कुरव तर वेफर फेकून हाताच्या अंतरावर बोलावले जातात. ते फोटो छान दिसतात, पण त्यांना पक्षीनिरीक्षण म्हणणे जड जाते.

परसबागेत काम उलटे. इथे जायचे नसते, बोलवायचे असते, तेही दाण्याने नव्हे. दाणे टाकले की पारवे येतात आणि बाकीचे जातात. जास्वंद, पांगारा, उंबर, थोडी न झाडलेली पानगळ आणि मातीची एक पसरट परळ पुरते. परळीत पाणी बोट-दोन बोटेच असावे आणि मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ ती ठेवू नये. दयाळ, शिंपी, लालबुड्या बुलबुल, नाचण, तांबट, भारद्वाज हे नेहमीचे पाहुणे. जांभळा शिंजीर इथे सर्वांत जास्त फसवतो. विणीच्या काळात उन्हात निळाजांभळा चमकणारा नर विणीनंतर मादीसारखा पिवळट होतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. तो नवा पक्षी समजून अनेकांनी शेजाऱ्यांना बोलावलेले आहे. शिंजीर कपड्यांच्या दोरीला, वायरला, कधी दाराच्या कडीजवळसुद्धा घरटे टांगतो. कोळ्याची जाळी आणि सालीचे तुकडे चिकटवलेले ते घरटे लोंबत्या कचऱ्यासारखे दिसते. नराला गाडीच्या आरशात प्रतिस्पर्धी दिसतो आणि तो दिवसभर चोच आपटत राहतो. आरशावर जुना मोजा चढवला की भांडण मिटते.

घरट्याचा फोटो हा या छंदातला दुखरा विषय. पान बाजूला केले, फांदी बांधून ठेवली, उजेड मिळाला, फोटो झाला. पण पान ज्याच्यासाठी होते त्या कावळ्यालाही आता घरटे दिसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा आणणेही येते, हे पुष्कळ हौशी लोकांना ठाऊक नसते. मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवून त्याला समोर आणणे हाही असाच प्रकार : विणीतला नर पिल्लांना भरवायचे सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. पुळणीवर इशारा वाचायला सोपा असतो. टिपण्याचे थांबवून पक्ष्याने मान ताठ केली, की तिथेच थांबायचे. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी परतीची चरबी साठवत असतो. त्याला उगाच उडवणे म्हणजे त्याच्या शिदोरीतून घेणे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. फेब्रुवारीत परसबागेतल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते, तिच्यात गॅलरीत पंधरा मिनिटे बसूनही भाग घेता येतो. अशा नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जमा होतात. २०२३ च्या देशव्यापी पक्षी-अहवालाला ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींचा आधार होता आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला. या कामात दुर्मीळ पक्ष्याइतकीच साळुंकी आणि कावळा यांची नोंद लागते, आणि नेमकी तीच लिहायचा कंटाळा केला जातो. ‘चिमण्या गेल्या’ हे सगळीकडे ऐकू येणारे वाक्य अशाच कंटाळवाण्या नोंदींनी तपासले गेले : २०२० च्या अहवालानुसार चिमणी मोठ्या शहरांत घटली आहे, देशभरात मात्र तिची संख्या बरीचशी स्थिर आहे.