मोठं वटवाघूळ आणि बारकी पाकोळी : फरक ताटात, ताटामुळं किडनीत

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो होतो, वरून एक भलंमोठं वटवाघूळ सावकाश पंख मारत गेलं आणि तेवढ्यात दिव्याभोवती चार-पाच बारक्या पाकोळ्या गरागरा फिरायला लागल्या, तर मित्र म्हणतोय "ही त्याची पिल्लं काय रे?" पिल्लं नव्हेत भावा! (पाकोळी नावाचा पक्षी पण असतोय, तो वेगळा, मी छपरात राहणाऱ्या बारक्या वटवाघळाबद्दल बोलतोय.) मोठं फळं खातंय, बारकं किडे, आणि दोघांची किडनी उभी कापून शेजारी ठेवली तर बघूनच कळतंय की कोण काय खातंय.

आधी किडनीचं थोडं. बाहेरची जाड साल असते, तिथं रक्त गाळलं जातं. आत गाभा असतो आणि त्यात केसाच्या आकड्यासारख्या वळलेल्या नळ्या खाली जाऊन परत वर येतात, त्याला हेन्लेचा लूप म्हणतात. या नळ्यांमुळं गाभा खारट होतो आणि तो खारटपणाच लघवीतलं पाणी परत ओढून घेतो. म्हणजे गाभा जितका लांब तितकी लघवी घट्ट, पाण्याची तितकी बचत.

आता मोठं घ्या. उंबर, पेरू, चिकू, जे मिळंल ते चावायचं, रस गिळायचा आणि चोथा थुकायचा, आपण गुऱ्हाळावर ऊस खातो अगदी तसंच. (वटवाघूळ तोंडानं हगतं असं म्हणतात ना, ते या चोथ्यामुळंच, बाकी सगळं जिथून व्हायचं तिथूनच होतंय.) फळात प्रोटीन कमी, म्हणून पोट भरायला ढीगभर खावं लागतं आणि त्याबरोबर पाणीही ढीगभर आत जातं. वर फळात पोटॅशियम भरपूर पण सोडियम नावालाच. त्यामुळं याची अडचणच उलटी, पाणी बाहेर टाकायचं पण मीठ जाऊ द्यायचं नाही. म्हणून साल जाड, गाभा तुलनेनं पातळ, आणि लघवी पाण्यासारखी.

बारक्याचं म्हणजे ताटभर सुक्कं हाणायचं आणि वर पाणी अर्धा ग्लास. किडे म्हणजे प्रोटीन, प्रोटीन पचलं की युरिया, आणि युरिया बाहेर काढायला पाणी लागतंय, पण हे पाच-सहा ग्रॅमचं जनावर उडताना श्वासातून आणि उघड्या पंखांतून आधीच पाणी घालवून बसलेलं असतं. म्हणून याचा गाभा लांबलचक, त्याचं टोक थेट मूत्रनलिकेत घुसलेलं. माणसाची लघवी फार तर 1200 मिलिऑस्मोलपर्यंत (लघवी किती घट्ट ते मोजायचं माप) घट्ट होते, कोरड्या मुलखातली किडेखाऊ वटवाघळं 3000 च्या वर जातात!

कुणी म्हणंल हा आकाराचा नाहीतर जातकुळीचा फरक असंल. तसं नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जमैकन फळखाऊ वटवाघूळ आणि तिकडचं किडे खाणारं मोठं तपकिरी वटवाघूळ यांच्या किडन्यांतली एकेक पेशी तपासली, तर फळखाऊत हेन्लेच्या लूपच्या पेशी कमी निघाल्या. गंमत म्हणजे हे जमैकन आपल्या मोठ्या वटवाघळाचं जवळचं नातलग नव्हेच, त्याचे पूर्वज किडे खायचे, आणि तरी फळांवर आल्यावर किडनी त्याच वळणावर गेली.

रक्त पिणारं तर दोन्ही करतंय. पीत असतानाच पातळ मुतायला सुरुवात करतं कारण एवढं वजन घेऊन उडणार कसं, आणि घरी जाऊन लटकलं की मग प्रोटीन पचायला लागतं आणि लघवी एकदम घट्ट. ते आपल्याकडं नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहे, उगं घाबरू नका.

आता शेवटची शंका मित्राचीच, उलटं लटकून एवढी पातळ लघवी केली तर स्वतःच्याच तोंडावर येत नाही काय? नाही येत. मोठं वटवाघूळ तेवढ्यापुरतं अंगठ्याच्या नख्यांनी फांदी धरतं, सुलटं होतं, काम उरकतं आणि परत उलटं. खाली कुणाची गाडी लावलीय हे काय ते बघत नाही.