मिशिगनच्या जंगलात ओआरव्ही ट्रेलजवळ तंबू टाकायचाय? कार्ड, लायसन्स, परमिट कुठलं कशाला लागतं

सगळ्यात आधी हे पक्कं करा की जंगलात झोपायची परवानगी वेगळी आणि गाडी चालवायची वेगळी. ओआरव्हीचं (ऑफ-रोड व्हेइकल, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची गाडी) लायसन्स काढलं म्हणजे ट्रेलच्या कडेला कुठंही तंबू ठोकता येतो असं बरेच जण धरून चालतात, पण तसं अजिबात नाहीये. आणि या दोन्हीच्याही आधी जमीन कोणाची ते बघायचं, कारण स्टेट फॉरेस्ट (राज्य सरकारचं जंगल), ह्युरॉन-मॅनिस्टी नॅशनल फॉरेस्ट (केंद्र सरकारचं) आणि लोकांच्या खासगी जागा एकमेकींना लागून आहेत आणि झाडं सगळीकडे सारखीच दिसतात.

स्टेट फॉरेस्टची जमीन असेल तर कॅम्पिंगचं काम सोपंय, फुकटही आहे. डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं) वेबसाइटवरून कॅम्प रजिस्ट्रेशन कार्ड डाउनलोड करा, प्रिंट काढा, माहिती भरा आणि तंबूपाशी सहज दिसेल असं लावा, बस. मंजुरीची वाट बघायची नाही. एक करा, कार्ड झिपलॉकच्या पिशवीत घालून लिहिलेली बाजू रस्त्याकडे येईल असं दोरीला अडकवा, नाहीतर रात्रीच्या दवानं शाई फुटते आणि सकाळी ऑफिसर आला की त्याला तारीखच वाचता येत नाही. अटी अशा, की स्टेट फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडपासून एक मैलापेक्षा लांब राहायचं, 15 दिवसांच्या वर मुक्काम नाही आणि कॅम्पिंग बंदीचा बोर्ड असेल तिथं थांबायचं नाही. स्टेट पार्क आणि रिक्रिएशन एरियात हे कार्ड चालत नाही.

आता गाडी. इथं दोन स्टिकर आहेत. ओआरव्ही लायसन्स 26.25 डॉलर, आणि स्टेटच्या ठरवून दिलेल्या ट्रेलवर जायचं असेल तर वर ट्रेल परमिट 10 डॉलर. दोन्ही 1 एप्रिल ते 31 मार्च चालतात, त्यामुळे फेब्रुवारीत घेतलं तर जेमतेम महिनाभर हातात राहतो. दुसऱ्या स्टेटमधून येणाऱ्यांनाही हेच घ्यावं लागतं. ऑनलाइन घेतलं तर स्टिकर पोस्टानं येतो म्हणून निघायच्या आदल्या रात्री बसू नका. स्टिकर गाडीच्या मागच्या बाजूला लावायचा. मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना गाडीचं टायटल (मालकीचा कागद) लागतं, ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणीच्या, ऑफिसातून मिळतं. आणि तुमची साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी सीट असलेली ओआरव्ही) 50 इंचांपेक्षा रुंद असेल तर 50 इंची ट्रेलवर ती न्यायचीच नाही, हे गाडी घेतानाच मोजून घ्या.

मुलं चालवणार असतील तर जास्त काळजी घ्या. 16 वर्षांखालच्यांना ओआरव्ही सेफ्टी सर्टिफिकेट हवं, शिवाय मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. 10 वर्षांखालच्या मुलाच्या हातात ट्रेलवर चारचाकी एटीव्ही (मोटरसायकलसारखी बसून हँडलनं चालवायची छोटी ओआरव्ही) द्यायचीच नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तंबू ते ट्रेल या मधल्या तुकड्यावर. ट्रेल समोर दिसतोय, मधे नुसती झुडपं आहेत, म्हणून सरळ आत गाडी घातली असं चालत नाही, झाडीतून रस्ता नसताना चालवणं बेकायदाच आहे. तो तुकडाही ओआरव्हीला उघडा असलेल्या रस्त्यानंच कापायचा, आणि कुठला रस्ता उघडा ते डीएनआरच्या फॉरेस्ट रोडच्या नकाशात बघायचं, हे नकाशे दरवर्षी बदलतात आणि 1 एप्रिलपासून लागू होतात, म्हणून मागच्या वर्षीचा फोनमध्ये सेव्ह केलेला वापरू नका. नॅशनल फॉरेस्टमध्ये मोटर व्हेइकल यूज मॅप बघायचा, तो फुकट मिळतो, आणि जमिनीवर बोर्ड नसला तरी नकाशात जे आहे तेच धरलं जातं. तिथं कार्डाची भानगड नाही पण मुक्कामाची मर्यादा त्यांची वेगळी, रेंजर ऑफिसला एक फोन करून विचारून घ्या.

स्पार्क अरेस्टर (गाडीच्या सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारा भाग) चालू स्थितीत आहे का हे निघायच्या आधी नक्की बघा, हे मी फार मनापासून सांगतोय. मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावाच्या आसपास जॅक पाइनची जंगलं आहेत, कोरड्या दिवसात ती भसाभस पेटतात. जून 2023 मध्ये तिथं एका कॅम्पफायरपासून लागलेल्या आगीत 2,000 एकरांवर जंगल जळालं. त्यामुळे आगीचा इशारा असेल तर शेकोटी नाहीच, आणि एरवीही पाणी ओतून राख हातानं चाचपून मगच झोपा. लाकूड घरून आणू नका, जिथं जाताय तिथलंच घ्या, एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा किडा मिशिगनमध्ये 2002 ला सापडला आणि असल्या सरपणातूनच तो लांबलांब पोचला.

तिथं संडास नसतो, नळ नसतो, कचऱ्याचा डबा नसतो. पाण्यापासून 200 फूट लांब सहा ते आठ इंच खड्डा खणायचा, कचरा परत घेऊन यायचा. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील आणि हे जमणार नसेल तर थेट ओआरव्ही ट्रेलला लागून असलेली काही स्टेट फॉरेस्ट कॅम्पग्राउंड्स आहेत, तिथं हातपंप आणि साधा संडास मिळतो, फक्त रात्रीची फी भरावी लागते आणि गाडीवर रिक्रिएशन पासपोर्ट (राज्याच्या अशा जागांत गाडी न्यायचा पास) लागतो.